रोलर ब्लाइंडवर वारली काढली, दिवसा सगळी माणसं काळी पडली. मदत करा

पश्चिमेची_खिडकी | २४ मे, रात्री ११.५२

मंडळी, आधी रडगाणं ऐकून घ्या मग उपाय सांगा. आमचा कांदिवलीचा हॉल बरोब्बर पश्चिमेला, दुपारी तीननंतर सोफ्यावर बसलं की पापड भाजल्यासारखं होतं. खिडकीला आधीच्या मालकांनी सोडलेला रोलर ब्लाइंड आहे, म्हणजे पाइपवर गुंडाळला जाणारा पडदा, ऑफव्हाइट, सुती वाटणारं कापड, खालच्या कडेला गेल्या पावसाळ्याचे चहाच्या रंगाचे डाग. फेकायचं जिवावर आलं, नवीन घ्यायचं त्याहून जिवावर आलं, म्हटलं सुट्टी आहे तर रंगवून टाकू.

दोन दिवस हॉलभर पेपर पसरून बसले. पूर्ण कापडाला स्पंजने गेरूच्या रंगाचा फॅब्रिक पेंट, त्यावर दोन नंबरच्या ब्रशने पांढरी वारली, मधे तारपावाला (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) आणि भोवती नाचणाऱ्यांचा वेढा, खाली दोन झोपड्या आणि एक ताडाचं झाड. रात्री टांगलं, ट्यूब लावली, काय दिसलं म्हणून सांगू! नवऱ्याने चक्क मोबाईल बाजूला ठेवून बघितलं.

सकाळी उठून बघते तर सगळी माणसं काळी. खरंच काळी. पांढरा रंग कुठे गेला तेच कळेना, जवळ जाऊन नखाने खरवडलं तर पांढराच आहे, दोन पावलं मागे आलं की कोळसा. दुपारी ऊन आल्यावर तर पिंगट कापडावर शाई सांडल्यासारखं दिसतंय. वर आणखी दोन भानगडी, एक म्हणजे कापड पुठ्ठ्यासारखं कडक झालंय, आणि दुसरी म्हणजे ब्लाइंड वर जाताना अर्ध्यात थांबतो. आधी टचकन वर जायचा.

फोटो जोडलाय. काय चुकलं?

शिलाईमशीन | २५ मे, सकाळी ७.१०

ताई तुमचा रंग चुकला नाही, उजेडाची दिशा चुकली. भिंतीवर उजेड समोरून पडतो, पांढरं पांढरं दिसतं. खिडकीत दिवसा उजेड कापडाच्या मागून येतो. जिथे रंगाचा थर जाड तिथून उजेड कमी येणार, मग तो रंग पांढरा असो नाहीतर सोनेरी, डोळ्याला काळाच. आणि पांढरा तर दाट रंग, खालचं झाकायलाच बनवलेला. रात्री बाहेर अंधार, आत ट्यूब, म्हणून रात्री बरोबर दिसलं.

कपडा उन्हात धरून बघायची सवय शिवणाऱ्यांना असते, अस्तर लागेल का ते बघायला. तेच इथे करायचं होतं. एका चिंधीवर चार फटकारे मारून खिडकीच्या काचेला टेपने चिकटवायची आणि सकाळ, दुपार, रात्र तिन्ही वेळा बघायची. दोन दिवस वाचले असते.

पश्चिमेची_खिडकी | २५ मे, सकाळी ७.३४

अगं आई गं. इतकं साधं. मी रात्री चहा घेत समोर बसून स्वतःचीच पाठ थोपटत होते.

बोरिवलीचा_बंड्या | २५ मे, सकाळी ९.०५

प्रिंटेड रोलर ब्लाइंड रेडीमेड मिळतात की हो, आपल्याला हवा तो फोटोसुद्धा छापून देतात. एवढा उपद्व्याप कशाला?

शिलाईमशीन | २५ मे, सकाळी ९.२०

बंड्या, पोळ्याही रेडीमेड मिळतात.

नाना_पेन्शनर | २५ मे, सकाळी १०.१५

अर्ध्यात थांबण्याचं मी सांगतो. तुमचा ब्लाइंड स्प्रिंगचा दिसतो, साखळीचा नव्हे. पाइपच्या आत लांब स्प्रिंग असते, ब्लाइंड खाली ओढला की ती आवळली जाते आणि सोडला की तीच कापड वर ओढते. एका टोकाला दात्यांचं चाक आणि एक छोटा खटका. हळू सोडलं की खटका आपल्या वजनाने दात्यात पडतो आणि ब्लाइंड तिथेच थांबतो, झटका देऊन सोडलं की पाइप जोरात फिरतो, खटका बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि दात्यात अडकत नाही. अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्न नावाच्या माणसाने १८६४ साली याचं पेटंट घेतलं. कल्पना अजून तीच.

तर तुम्ही कापडावर रंगाचं वजन चढवलंत आणि स्प्रिंग तेवढीच राहिली. उपाय सोपा आहे. ब्लाइंड निम्म्याहून जास्त खाली ओढा, तिथे अडकवा, पाइप ब्रॅकेटमधून काढा, कापड हाताने घट्ट गुंडाळा आणि परत बसवा. म्हणजे स्प्रिंगला तेवढे जादा पीळ बसले. एकदा करून बघा, कमी पडलं तर पुन्हा. फार पीळ देऊ नका, नाहीतर हातातून सुटून वर आपटेल, माझ्या चष्म्याची काडी एकदा अशीच गेली आहे.

पश्चिमेची_खिडकी | २५ मे, दुपारी १.४०

काका दंडवत. एकदाच केलं, पूर्ण वर गेला. पण आता गुंडाळी एका बाजूला सरकतेय, डावीकडे कापड ब्रॅकेटला घासतंय.

नाना_पेन्शनर | २५ मे, दुपारी २.०५

कापड पाइपला काटकोनात चिकटलेलं नसलं की असं होतं. पूर्ण खाली सोडा, पाइप उघडा दिसेल, त्याच्या उजव्या टोकाला मास्किंग टेपचा दोन इंची तुकडा चिकटवा. गुंडाळी जाड बाजूकडे ओढ घेते, म्हणजे डावीकडे पळणारं कापड उजवीकडे येईल. एका तुकड्याने नाही भागलं तर त्यावर दुसरा.

नाइट_शिफ्ट | २५ मे, दुपारी ४.३०

अवांतर विचारतो, माझ्या बेडरूमला ब्लॅकआउट ब्लाइंड आहे, मी दिवसा झोपतो. त्यावर काढलं तर दिवसा काळं दिसणार नाही ना? बायकोला हौस आहे.

शिलाईमशीन | २५ मे, दुपारी ५.००

नाही दिसणार, कारण मागून उजेडच येत नाही. ब्लॅकआउट म्हणजे भिंतच समजा, वारली, मांडणा, जे हवं ते काढा. फक्त दोन गोष्टी. त्याच्यावर प्लास्टिकसारखं कोटिंग असतं, साधा फॅब्रिक पेंट त्यावर धरत नाही, गुंडाळी झाली की पापुद्रे निघतात, कोपऱ्यात थोडा लावून चार दिवस उघड-मीट करून बघा. आणि दुसरं, इस्त्री चुकूनही नाही. फॅब्रिक पेंट पक्का करायला लोक सवयीने उलट्या बाजूने इस्त्री मारतात, मी मारली होती एका गिऱ्हाइकाच्या ब्लाइंडवर. कोटिंग इस्त्रीच्या तळाला चिकटून आलं, पोळी तव्याला चिकटते तसं. पैसे मीच भरले.

कापड कशाचं आहे कळत नसेल तर शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचाच एक धागा काढून जाळा, शिलाईचा दोरा नव्हे. कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून मणी होतो. मणी झाला तर इस्त्री हलकी आणि वर जुनं धोतर ठेवून.

गिरगावची_सून | २५ मे, रात्री ९.४५

मला वाटतं रंगाचा नादच सोडावा. माझ्या सासूबाईंच्या दोन इरकली साड्या होत्या, अंग विरलेलं पण काठ धडधाकट. ते काठ सोडवले आणि बाजारातल्या साध्या ब्लाइंडच्या खालच्या कडेला शिवले, जिथे दांडी घालतात त्याच्या वर. मागून उजेड आला तरी काठ काळपट दिसला म्हणून बिघडत नाही, काठ गडदच शोभतो. वजनही खाली पडतं, ब्लाइंड सरळ लोंबतो. भुलेश्वरहून गोंडे आणले ते मात्र काढून टाकावे लागले, मांजर लटकायला लागलं.

एकच सांगते, पूर्ण साडीचा ब्लाइंड करायला जाऊ नका, मी केलाय. सुती साडी मऊ, गुंडाळताना सुरकुत्या पडतात. टेलर म्हणाला मागे पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर) मारा, मारलं, तर उजेडात पेस्टिंगचे फुगे दिसायला लागले.

डहाणूची | २६ मे, सकाळी ८.२०

वारली म्हणून धागा उघडला. ताई, फोटोत एका कोपऱ्यात तुम्ही चौक काढलाय, चौकोनात देवी. तो लग्नाचा देवचौक आहे, आमच्याकडे तो लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी काढतात, आत पालघाट देवी असते आणि त्याची गाणी धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या बायका, गातात. तो शोभेला काढत नाहीत. बाकी तारपा, शेत, झाडं, पक्षी, लग्नाची वरात खुशाल काढा. आधी हे काम बायकांचंच आणि लग्नकार्यापुरतं होतं, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी रोजच्या रोज चित्रं काढायला सुरुवात केली तेव्हा पुरुषाने काढणं हेच नवल होतं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले.

रागाने नाही लिहिलं. बहुतेकांना माहीत नसतं.

पश्चिमेची_खिडकी | २६ मे, सकाळी ८.५५

नाही नाही, बरं झालं सांगितलंत. मी एका ग्रीटिंग कार्डवरून उतरवलं होतं, मला ती सुंदर चौकट वाटली. तो कोपरा झाकते किंवा नवीनच करते. तसंही हा ब्लाइंड आता फक्त रात्रीचा.

डहाणूची | २६ मे, सकाळी ९.१०

नवीन करणार असाल तर उलटं करा ना. पांढरं रंगवू नका, पांढरं सोडा. माणसं कोरी ठेवा आणि भोवतीचा गेरू तेवढा रंगवा. मग दिवसा उजेड माणसांमधून येईल.

शिलाईमशीन | २६ मे, सकाळी ९.१८

+१ +१ हेच लिहायला आले होते! पण काडीसारखे हातपाय कोरे सोडायचे कसे, त्याला मास्किंग टेप चालणार नाही. चार-पाच मोठे आकार असते तर जुन्या एक्स-रेची स्टेन्सिल कापली असती, रांगोळीला करतो तशी.

मेंदीवाली_आत्या | २६ मे, सकाळी ११.३०

मैदा! मैद्याची खळ करायची, इडलीच्या पिठापेक्षा जरा पातळ, गुठळी अजिबात नको, गाळून घ्यायची. मेंदीच्या रिकाम्या कोनात भरायची आणि कोऱ्या कापडावर सरळ चित्र काढत सुटायचं. हात मेंदीचा असेल तर अर्ध्या दिवसात नाच पूर्ण होतो. रात्रभर वाळू द्यायची, खळ तडतडून थोड्या भेगा पडतात त्या तशाच ठेवायच्या, त्यातून रंग झिरपून बारीक रेषा येतात, बाटिकसारख्या. मग फॅब्रिक पेंट पाण्यात थोडा सैल करून स्पंजने थापायचा, घासायचा नाही. पूर्ण एक दिवस वाळवायचं. मग पाण्यात भिजत घालायचं आणि जुन्या एटीएम कार्डाने खळ खरवडायची. खाली कोरं कापड निघतं. इस्त्री सगळ्यात शेवटी, खळ निघाल्यावर. आधी मारली तर मैद्याचा थर भाजून कापडातच बसेल.

आणि हो, वाळताना मुंग्या येतात. कापडाभोवती हळदीची रेघ ओढून बघितली, त्या उडी मारून आल्या असाव्यात.

बोरिवलीचा_बंड्या | २६ मे, सकाळी ११.४१

हसून हसून पुरेवाट. हळदीवरून आठवलं, पेंटऐवजी हळदीने रंगवलं तर? नॅचरल, ऑर्गॅनिक वगैरे.

गिरगावची_सून | २६ मे, दुपारी १२.१०

अरे बंड्या, शर्टावर वरण सांडलं तर तुझी आई काय करते? धुवून उन्हात टाकते आणि डाग उडतो. हळद उन्हात टिकत नाही आणि तू ती पश्चिमेच्या खिडकीत लावणार, दिवाळीपर्यंत पांढरंफटक. गेरू म्हणजे मुळात लोखंडाचा गंज, तो उन्हाला दाद देत नाही. लाल आणि मातकट रंग घ्या, गुलाबी-जांभळ्याच्या नादी लागू नका.

नवीन_आई | २६ मे, दुपारी ३.२५

मी नाना काकांना विचारते, आमचा साखळीचा आहे. मुलगी दीड वर्षाची, साखळी ओढून खेळते. वर बांधून ठेवते पण रोज कोण बांधणार.

नाना_पेन्शनर | २६ मे, दुपारी ४.००

बाळ, रंगाचं नंतर बघू, हे आज करा. लोंबती साखळी म्हणजे गोल फास आहे. मूल खिडकीशी असलेल्या पलंगावर किंवा सोफ्यावर चढतं, साखळी गळ्यात येते, आवाजसुद्धा होत नाही. युरोपच्या नियमात फासाचं खालचं टोक जमिनीपासून निदान दीड मीटर वर लागतं, अमेरिकेत २०१८ च्या डिसेंबरपासून दुकानातला तयार माल बिनदोरीचा किंवा दोरी हाताला न येईल असाच विकायचा आहे. आपल्याकडे कोण बघतंय. साखळीच्या खालच्या टोकाला भिंतीत बसणारी प्लास्टिकची कप्पी मिळते, तिने साखळी भिंतीशी ताणून पक्की होते आणि ब्लाइंड नेहमीसारखाच चालतो. हार्डवेअरवाल्याला साखळीचा टेन्शनर द्या म्हणावं. आणि खाट खिडकीपासून सरकवा.

नवीन_आई | २६ मे, रात्री ८.१५

आणला. नवरा आत्ता ड्रिल करतोय, खालच्या मजल्यावरून फोन येऊन गेला. खाट मात्र हलत नाही, दहा बाय दहाच्या खोलीत खाट हलवली की दार उघडत नाही. तिचं डोकं दुसऱ्या बाजूला केलंय.

पश्चिमेची_खिडकी | ३१ मे, रात्री १०.३०

अपडेट. मंगलदास मार्केटमधून मांजरपाट, म्हणजे कोरं जाडसर सुती कापड, आणला. शिलाईमशीन ताईंनी खासगी निरोपात बजावलं होतं म्हणून आधी रात्रभर भिजवला, केवढी खळ निघाली, आणि मीटरमागे तीन बोटं आटला. न भिजवता लावला असता तर पहिल्याच धुण्यात खिडकीत फट दिसली असती. माप मात्र मी वर, मधे, खाली तीन ठिकाणी घेतलं, वर आणि खाली पाऊण इंचाचा फरक! बिल्डिंग पण वाकडीच. सगळ्यात कमी माप धरलं.

आता कोन भरून बसलेय. कुणी बोलू नका.

पश्चिमेची_खिडकी | ११ जून, सायंकाळी ६.२०

माती खाल्ली. खळ, रंग, खरवडणं सगळं झकास झालं, पण पाऊस आजच टपकला, हवेत नुसतं पाणी, आणि मी घाईने इस्त्री न मारता गुंडाळून ठेवलं. चार तासांनी उघडलं तर चर्र आवाज. एका झोपडीचं छप्पर शेजारच्या माणसाच्या पाठीवर.

शिलाईमशीन | ११ जून, सायंकाळी ६.४०

अय्यो. हा रंग वरून हाताला कोरडा लागला तरी आतून दमट हवेत चिकटच राहतो, दाब आला की स्वतःलाच चिकटतो. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरायचा, पंख्याखाली उभं टांगून. इस्त्रीनंतरही पहिले आठवडाभर रात्री गुंडाळू नका, खालीच सोडून ठेवा. आणि गुंडाळायचंच झालं तर मधे बटर पेपर. अख्खा पावसाळा बंद गुंडाळीत राहिला तर आत बुरशीचे काळे ठिपकेही येतात, अधूनमधून उघडून वारा द्या. तेवढा भाग परत थापून घ्या, छपराला भोक पडलं समजा, पावसाळाच आहे.

मेंदीवाली_आत्या | ११ जून, रात्री ९.००

मुंग्या आल्या का?

पश्चिमेची_खिडकी | ११ जून, रात्री ९.०४

आल्या ना. तारपावाल्याची एक तंगडी खाल्ली.

पश्चिमेची_खिडकी | १२ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

धागा वर काढतेय. पावसाळाभर जुनाच लावला होता, पाऊस आत मारतो म्हणून नवीन जपून ठेवला. गेल्या रविवारी टांगला. आत्ता ऑक्टोबर हीटचं ऊन सरळ खिडकीवर आहे आणि मी सोफ्यावर बसून टाईप करतेय. गेरू आतून विस्तवासारखा पेटलाय आणि सगळी माणसं उजेडाची, भेगांच्या बारीक लाल रेषा त्यांच्या अंगातून गेल्यात. सूर्य खाली सरकतो तशी खालच्या रांगेतली माणसं आधी मंद होतात, मग वरची. लंगडा तारपावाला सगळ्यात शेवटी.

हॉल गार झालाय असं म्हणणार नाही, कापड ते कापड. काच तापतेच. पण डोळ्यावर येत नाही.

रात्री आतून बघितलं तर साधंच दिसतं, फिकट माणसं, जुन्याइतकं उठून नाही. पण आत दिवा असला की बाहेरून! समोरच्या विंगमधल्या काकूंनी काल खिडकीतूनच हाक मारून विचारलं, "तुमच्याकडे लग्न आहे का गं?"

डहाणूची | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ७.००

मस्तच. चौक नाही ना काढला?

पश्चिमेची_खिडकी | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ७.०३

नाही हो. त्या कोपऱ्यात बैलगाडी आहे.

नाइट_शिफ्ट | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

बायको आत्ताच करायला बसलीय, साध्या कापडावर, ब्लॅकआउटवर नाही. घरात मैदा नाही, दुकान उघडायला वेळ आहे. तांदळाचं पीठ चालेल का विचारतेय.

डहाणूची | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

आमच्याकडे भिंतीवर तांदळाचं पीठच असतं की. फरक एवढाच, तिथे ते ठेवायचं, तुम्ही खरवडून टाकणार :) नुसतं घेऊ नका पण, वाळलं की झडेल. दुकान उघडेपर्यंत चहा करा आणि मग मैद्यात थोडं मिसळा.